काणकोणचं कणकण

"बाय, हे वर 'कणकण' का लिहिलंय? कुणाला ताप आलाय?"

मास्तरांचं बोट ब्राउझरच्या वरच्या पट्टीवर होतं, पानाचा पत्ता दिसतो तिथं. खाली पानाचं शीर्षक ठसठशीत आणि बरोबर होतं: काणकोण. वर पत्त्यात मात्र कणकण. ते संकेतस्थळ मीच उभं केलं होतं, वर्षभर मीच सांभाळत होते, आणि माझी नजर त्या पट्टीवरून रोज जात होती. मला ते कधी दिसलं नाही. आयुष्यभर मुलांच्या वह्यांतल्या ऱ्हस्व-दीर्घाखाली लाल रेघ ओढलेल्या माणसाला ते त्या पट्टीकडे पहिल्यांदा बघताच दिसलं.

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात एक लहानसं वाचनालय आहे. दोन खोल्या आणि पुढं कौलारू पडवी. निवृत्त झाल्यापासून मास्तरच ते उघडतात आणि तेच बंद करतात. तिथल्या कपाटात त्यांच्या माटोळीच्या वह्या आहेत. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते: चवथीला गणपतीच्या वर आम्ही लाकडी चौकट टांगतो आणि तिला रानातली, परसातली फळं, फुलं, शेंगा, पानं बांधतो. ती माटोळी. नारळ, सुपारीचे घड, आंबाडे, तांबडीकेशरी कवंडळं, आणि वाळल्यावर आत बिया खुळखुळतात त्या घागऱ्या. कुठल्या गावात काय बांधतात, कुठल्या रानातून आणतात, त्याला तिथले लोक काय म्हणतात, हे मास्तर गावोगाव विचारून लिहीत आले. एका पावसाळ्यात त्यातल्या दोन वह्यांना वाळवी लागली. तेव्हा मी म्हटलं, मास्तर, हे आता संगणकावर चढवू या.

मी पणजीला नोकरी करते, वेबचंच काम. पण त्या कामासाठी विकत घ्यायला वाचनालयाकडे पैसे नव्हते, म्हणून एक ओपन सोर्स वेब ॲप्लिकेशन निवडलं. पायथॉनमध्ये लिहिलेलं, लोकांनी लोकांच्या नोंदी आणि छायाचित्रं जपावीत म्हणून केलेलं. उतरवून घ्या, स्वस्तातल्या एखाद्या सर्व्हरवर चढवा, वापरा. ते सांभाळणारी मंडळी चार-पाच, बहुतेक युरोपातली. रविवारी सकाळी मी आणि मास्तर बसायचो. ते वाचायचे, मी टंकायची. वर्षभरात तालुक्यांची पानं झाली, फळांची झाली, मग गावांची होऊ लागली.

आणि त्या रविवारी हे कणकण.

मग एकेक पान उघडून पत्ते बघितले. म्हापसा होता तिथं 'महपस'. पेडण्याचं 'पडण', साखळीचं 'सखळ', डिचोलीचं 'डचल', फोंड्याचं 'फड'. माटोळीचं 'मटळ' झालं होतं. डिचोली तालुक्यातली पाळी आणि तिसवाडीतलं पाळे ही दोन वेगळी गावं. दोघांचंही 'पळ' झालं होतं, आणि ॲप्लिकेशननं गोंधळ होऊ नये म्हणून दुसऱ्याला 'पळ-२' करून टाकलं होतं. मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत लावला. मला ते मौन फार लागलं. ज्या माणसानं एकेका नावाचा उच्चार त्या त्या गावच्या म्हाताऱ्यांकडून ऐकून उतरवला, त्याच्या नोंदीचे काना-मात्रे माझ्या हातून सांडले होते.

रात्री कोड उघडून बसले. ओपन सोर्सची ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. बिघाड दिसला तर झाकण काढून आत बघता येतं, कुणाची परवानगी लागत नाही. अर्ध्या तासात ती जागा सापडली. शीर्षकावरून पत्ता तयार करणारं एक छोटं फंक्शन होतं. ते आधी प्रत्येक अक्षराचे सुटे भाग करायचं आणि मग युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या, वर्गवारीत जे भाग 'मार्क' आहेत ते टाकून द्यायचं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे युरोपातल्या भाषा होत्या. फ्रेंच अक्षरावरची तिरकी रेघ, पोर्तुगीज अक्षरावरची लाट. ती काढली तरी शब्द ओळखू येतो आणि पत्ता सुटसुटीत होतो. पण आपला काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह, हे सगळेही युनिकोडच्या लेखी मार्कच आहेत. वर्गवारीत काही चूक नाही. चूक होती ती सगळे मार्क सारखेच, सगळे वरचे दागिने, असं धरून चालण्यात.

त्यातून देवनागरीत स्वराचं चिन्ह काढलं की तिथं भोक पडत नाही. व्यंजनातला अ वर येतो आणि दुसराच एखादा उच्चारता येण्याजोगा शब्द उभा राहतो. रोमनमध्ये स्वर गाळले तर शब्द बोळक्या तोंडासारखा दिसतो, कुणाच्याही लक्षात येतं. आपल्याकडे 'कणकण' हा चांगला शब्द निघतो. म्हणून ही चूक इतकी वर्षं कुणाला दिसली नसावी. ज्याला देवनागरी येत नाही त्याला ती दिसणारच नाही, आणि ज्याला येते तो पत्त्याकडे बघत नाही.

दुरुस्ती फक्त आमच्या सर्व्हरवर करून मोकळं होणं सोपं होतं. तसं केलं असतं तर दर नव्या आवृत्तीला ती पुन्हा करावी लागली असती, आणि मी गाव सोडून गेले तर पुढच्या माणसाला कळलंही नसतं की इथं काय केलंय. शिवाय परवान्याची गोष्ट होती. हे ॲप्लिकेशन एजीपीएल परवान्याखाली आहे, २००७ साली आलेल्या. साध्या जीपीएल परवान्यात सॉफ्टवेअरची प्रत दुसऱ्याला दिली की सोर्स, म्हणजे त्याचा मूळ कोड, द्यायचं बंधन येतं. वेब ॲप्लिकेशनची प्रत कुणाच्या हातात जातच नाही. ते सर्व्हरवर चालतं, लोक ब्राउझरमधून वापरतात. एजीपीएल ती फट बुजवतं: तुम्ही बदललेलं रूप नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलंत, तर त्यांना त्याचा सोर्सही मिळायला हवा. म्हणजे मी बदल केला असता तर तो तसाही उघड्यावर ठेवायचाच होता. पण खरं कारण परवान्याचं नव्हतंच. एखाद्याच्या घरी वर्षभर जेवावं आणि त्यांच्या छपराला गळती दिसल्यावर आपलं पान तेवढं बाजूला सरकवावं, हे मला जमणारं नव्हतं.

तरीही इश्यू, म्हणजे त्या मंडळींकडे चुकीची जाहीर नोंद, लिहायला मला आठ दिवस लागले. नोकरीत मी रोज कोड लिहिते, पण तो चार भिंतींच्या आत. इथं अनोळखी माणसांपुढे, त्यांच्याच अंगणात जाऊन, इंग्रजीत सांगायचं होतं की तुमचं हे बरोबर नाही. हात आखडत होता. शेवटी मास्तरांनीच वाट दाखवली. म्हणाले, "मुलाला चूक सांगताना आधी त्याला ते उदाहरण वाचून दाखवायचं. त्याचं त्याला कळतं." मग मी युक्तिवाद कमी केला आणि उदाहरणं वाढवली. डाव्या बाजूला गावाचं नाव, उजवीकडे पत्त्यात उरलेलं नाव, आणि दोन्हींचा उच्चार. काणकोणसमोर लिहिलं: उरलेल्या शब्दाचा अर्थ अंगातला बारीक ताप. पाळी आणि पाळे यांच्यासमोर लिहिलं: दोन गावं, एकच पत्ता.

उत्तर दुसऱ्याच दिवशी दुपारी आलं, ते ॲप्लिकेशन सांभाळणाऱ्यांपैकी एका मेंटेनर बाईंचं. सभ्य, नेटकं. नोंद चांगली आहे, धन्यवाद. मग प्रश्न: अशा लिप्यांसाठी पत्ता सरळ रोमनमध्ये केला तर? कॉपी करताना देवनागरी पत्ता टक्क्याच्या खुणांनी भरलेली लांबलचक माळ होतो, ते तरी टळेल.

म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आपलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइटचं असतं; पत्ता कॉपी केला की प्रत्येक बाइटची टक्का आणि दोन अक्षरं, म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं होतात. व्हॉट्सॲपवर ती माळ मीही पाठवली आहे. पण रोमनचं नाव काढलं आणि माझ्यातली गोंयकार जागी झाली. आमच्या गावांनी रोमन भरपूर सोसलेलं आहे. पोर्तुगिजांनी आपल्या कानाला ऐकू आलं तसं आणि आपल्या स्पेलिंगच्या नियमांनी आमची नावं लिहिली, आणि तीच पाट्यांवर राहिली. म्हणून बाहेरून आलेला माणूस पाटी वाचून साखळीला 'सँकेलिम' म्हणतो, डिचोलीला 'बिचोलिम', पेडण्याला 'पेर्नेम'. आपलंच गाव आपल्याला विचारलं जातं तेव्हा क्षणभर कळत नाही.

आणि त्याही मागची गोष्ट. भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला, १५५६ साली. त्यानंतर ६० वर्षांनी, १६१६ मध्ये, जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' राशोलला छापलं गेलं. हजारो ओव्या, भाषा मराठी आणि अक्षरं रोमन. देवनागरीचे खिळे नव्हते. यंत्राजवळ आमची अक्षरं नव्हती म्हणून आमची भाषा दुसऱ्याच्या अक्षरांत शिरली. त्या काळी शिशाचे खिळे पाडणं ही मोठी खर्चाची, कारागिरीची बाब होती, नसतील जमले. आज खिळे पाडायचे नाहीत. युनिकोडमध्ये आमचं प्रत्येक चिन्ह बसलेलं आहे, फक्त ते फेकून देऊ नका एवढंच म्हणायचं आहे.

हा सगळा इतिहास काही मी त्यांना लिहिला नाही. चार ओळी लिहिल्या: आमच्या गावांच्या नावांचं एकच एक ठरलेलं रोमन रूप नाही, जे आहे ते लोकांच्या उच्चाराशी जुळत नाही, या नोंदी करणारे मास्तर रोमन पत्ता वाचून पान ओळखणार नाहीत. संध्याकाळी उत्तर आलं: पटलं, पुल रिक्वेस्ट पाठवाल का? म्हणजे दुरुस्ती तुम्हीच लिहून आमच्याकडे पाठवाल का?

पहिली पुल रिक्वेस्ट मी त्याच रात्री लिहिली. सोपी होती. देवनागरीचा युनिकोडमधला पट्टा ठरलेला आहे. त्या पट्ट्यातली चिन्हं टाकू नकोस, एवढंच सांगितलं. रिव्ह्यूमध्ये एकच ओळ आली: बंगालीचं काय? तमिळचं? ख्मेरचं?

मी लॅपटॉप बंद केला आणि पडवीत जाऊन बसले. ज्या दोषाबद्दल मी त्यांना सांगायला गेले होते, तोच मी केला होता. त्यांनी आपल्या भाषांपुरतं बघितलं, मी माझ्या. कन्नडमध्ये काना-मात्रे नाहीत का? आमच्या शेजारच्या कारवारात जाऊन कुणी हे ॲप्लिकेशन चढवलं तर?

दुसऱ्या वेळी उलटं केलं. मार्क टाकायचे ते फक्त लॅटिन अक्षराला लागून आलेले. बाकी कुठल्याही लिपीतले जिथल्या तिथं. त्यांची फ्रेंच, पोर्तुगीज उदाहरणं पूर्वीसारखीच चालली पाहिजेत, ती त्यांच्या टेस्टमध्ये, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणाऱ्या उदाहरणांत, होतीच. माझ्या टेस्ट मी मास्तरांना विचारून लिहिल्या. "अवघड शब्द सांगा," म्हटलं. त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "दर्या आणि दऱ्या."

ही जोडी मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, पण गोव्यात ती डोळ्यांनी दिसते. पश्चिमेला दर्या, पूर्वेला सह्याद्रीच्या दऱ्या, मध्ये आम्ही. जुन्या कोडमध्ये दोन्हींचं 'दरय' होत होतं. मी टेस्ट लिहिली, चालवली. 'दर्या' पास. 'दऱ्या' नापास. आणि स्क्रीनवर हे:

अपेक्षित: दऱ्या
मिळालं: दऱ्या

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. एकेक चिन्ह बोटानं मोजलं. काहीही फरक नाही. रात्रीचे साडेबारा, बाहेर पाऊस धो धो, आणि संगणक सांगतोय की हे दोन शब्द वेगळे आहेत. शेवटी दोन्हींचे युनिकोड क्रमांक छापून घेतले. वरच्या ओळीत पाच निघाले, खालच्या ओळीत सहा. तेव्हा कळलं. आपला हा ऱ, नावाला एक चिन्ह, पण युनिकोडच्या नियमानं त्याचे दोन भाग होतात: साधा र आणि खालचा नुक्ता, म्हणजे ठिपका. फंक्शन सुरुवातीला सगळ्या अक्षरांचे सुटे भाग करत होतं. माझ्या दुरुस्तीनं नुक्ता टाकला नाही हे खरं, पण सुटं केलेलं परत जोडलंही नव्हतं. डोळ्याला एकच, यंत्राला दोन. हा बदल तसाच गेला असता तर 'घागऱ्या' शोधणाऱ्याला घागऱ्यांचं पान सापडलं नसतं, आणि का सापडत नाही हे जन्मात कुणाला उमगलं नसतं. शेवटी एक ओळ वाढवली: सगळं झाल्यावर भाग पुन्हा जोड. टेस्ट पास झाली. मास्तरांना तेव्हाच फोन करावासा वाटला. वेळ बघून सकाळपर्यंत थांबले.

मला वाटलं, झालं. पण खरी लांबण पुढंच होती. मेंटेनर बाईंनी विचारलं: जगभर ज्यांनी हे आधीच चढवलंय त्यांच्या जुन्या पत्त्यांचं काय? नवं फंक्शन आलं आणि सगळे पत्ते बदलले तर लोकांनी इकडंतिकडं दिलेले दुवे तुटतील. आधी मला ही तक्रार जरा जाचक वाटली. चुकीचा पत्ता जपायचा कशाला? मग वाचनालयाच्या भिंतीवरचा आमचाच कागद आठवला, त्यावर मी हातानं लिहिलेला जुना पत्ता. लोक त्यावरूनच पानावर येत होते. मेंटेनर बाईंचं म्हणणं बरोबर होतं. चुकीचं नाव पडलं तरी त्या नावानं हाक मारणारी माणसं खरी असतात. ठरलं ते असं: जुनी पानं जुन्या पत्त्यावरच राहतील, ज्याला बदलायचं असेल त्यानं एक कमांड चालवायची, ती नवा पत्ता देईल आणि जुन्यावर आलेल्याला नव्याकडे पाठवेल. ती कमांड मीच लिहिली. तीनदा परत आली. एकदा नाव पटलं नाही म्हणून, एकदा दोन पानांचा पत्ता एकच निघाला तर काय होईल ते मी धरलं नव्हतं म्हणून, एकदा फक्त दस्तऐवजात एक परिच्छेद कमी पडला म्हणून. मूळ दुरुस्ती अकरा ओळींची. तिच्याभोवतीचं बोलणं तीन आठवड्यांचं.

त्या तीन आठवड्यांत मी जे शिकले ते नोकरीत कधी शिकले नव्हते. तिथं काम वेळेत संपवायचं असतं. इथं कुणालाच घाई नव्हती, कुणाला पगारही नव्हता, आणि तरी एका अनोळखी बाईनं आपली संध्याकाळ मोडून माझी प्रत्येक ओळ वाचली होती. तिला देवनागरीचं एक अक्षर येत नाही. तिनं विचारलं होतं, नुक्ता म्हणजे काय, तो नेमका कुठं बसतो? मी कागदावर ऱ मोठा काढून, खालच्या नुक्त्याला बाण काढून, फोटो पाठवला. तिनं उलट लिहिलं की कोडमधली टीप या चित्राइतकी स्पष्ट होईल असं बघा. मी ती टीप पुन्हा लिहिली. आजही त्या फंक्शनच्या डोक्यावर ती आहे.

मर्ज झालं, म्हणजे माझा बदल मूळ कोडमध्ये घेतला गेला, तो दिवस श्रावणातला. गावात वीज नव्हती, सकाळपासून. मी मोबाइलवर बघितलं: पुल रिक्वेस्टवर जांभळा शिक्का आणि खाली दोन शब्दांचं धन्यवाद. छत्री घेऊन वाचनालयात गेले. मास्तर मेणबत्तीच्या उजेडात वर्तमानपत्रं लावत होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आता सगळीकडेच बरोबर येणार?" मी म्हटलं, नवी आवृत्ती जे जे चढवतील त्या सगळ्यांकडे. "कोकणीचंही?" लिपी तीच, मास्तर. "नेपाळातही?" हो, तिथंही. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग कपाटातून माटोळीची वही काढून म्हणाले, "सत्तरीतली चार गावं राहिलीत."

महिनाभरानं तमिळ वापरणाऱ्या कुणीतरी त्याच फाइलमध्ये स्वतःच्या टेस्ट वाढवल्या. माझ्या दर्या-दऱ्यांच्या खाली तमिळ शब्दांच्या ओळी. मला त्या वाचता येत नाहीत. पण त्या पास होतात हे दर वेळी बघते.

चवथीच्या आधी आमच्या सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवली आणि ती कमांड चालवली. मास्तर शेजारी बसले होते. पत्त्यात काणकोण आलं, काना आणि ओकारासकट. म्हापसा, साखळी, पेडणे. पाळी वेगळी, पाळे वेगळं. त्यांनी प्रत्येक पान उघडायला लावलं आणि प्रत्येक पत्ता मोठ्यानं वाचला, शाळेत हजेरी घेतात तसा. मग गावांची यादी उघडली आणि बोट खाली आणता आणता थांबले.

"बाय, हे बघ. साळ, मग सावईवेरे, मग सावर्डे."

"हो, बाराखडीप्रमाणे लावलंय, मास्तर."

"बाराखडीत ळ कुठं येतो?"

मी मनातल्या मनात म्हणून बघितलं. य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ. युनिकोडच्या क्रमांकांत तो ल च्या पाठीला लागून, व च्या आधी. म्हणून साळ वर गेला होता. जायला हवा होता सावर्ड्याच्याही खाली.

मास्तर माझ्याकडे बघत होते. मी लॅपटॉप पुढे ओढला, नवा इश्यू उघडला आणि डावीकडे तीन गावांची नावं लिहिली.